चौथ्या बोटाच्या जागी तिसरं

प्रिय ठकू,

सोबतची पानं बघून घाबरू नकोस. आईचं डोकं फिरलेलं नाही. शनिवारी आम्हा तिघींचा कार्यक्रम आहे ना, त्यातला चेलोचा म्हणजे माझा सगळा भाग मी तुझ्या व्हायोलाच्या क्लेफमध्ये उतरवला आहे. माझ्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आता अजिबात ऐकत नाहीत. परवा तालमीत करंगळी तारेवर टेकली, पण दाबलीच जाईना. दोघी व्हायोलिनवाल्या मावशींनी काही झालंच नाही असं दाखवलं, तेव्हा मला खरी धडकी भरली. एरवी त्या माझी एक चूक सोडत नाहीत.

तुझे बाबा विचारतात, स्वर तेच, मग पुन्हा लिहायचं कशाला? त्यांना म्हटलं, सगळं त्या ओळीच्या सुरुवातीच्या खुणेवर, म्हणजे क्लेफवर आहे. माझ्या पानावर पाच रेघांतली मधली रेघ म्हणजे डी हा स्वर, तुमच्या लेकीच्या पानावर तीच रेघ म्हणजे सी. माझं पान तसंच समोर ठेवलं तर ती भलतंच वाजवेल. त्यांनी मान डोलावली. कळलं काही नाही, पण तेव्हापासून मला पेन्सिली तासून देताहेत, गरजेपेक्षा जरा जास्तच.

आपल्या दोघींच्या तारा त्याच, फक्त तुझ्या एक सप्तक वर, म्हणून काम सोपं वाटलं होतं. दोन ठिकाणी तू व्हायोलिनच्याही वर चढत होतीस, तिथे तुला खाली आणलं. बरोबर लागतंय का, ते वाजवून बघ गं. मला आता कशाचाच भरवसा वाटत नाही. त्यात एक घोळ करून ठेवला. सवयीने स्वरांच्या वर, कुठलं बोट ठेवायचं ते आकडे माझेच लिहीत गेले. माझं चौथं बोट, म्हणजे करंगळी, पडतं तिथे तुझं तिसरं पडतं, एवढी साधी गोष्ट विसरले! बरीच पानं झाल्यावर लक्षात आलं. खोडायला बसले आणि रडूच फुटलं. लिहिताना मी मनात सगळं वाजवत होते, चारही बोटांनी. शेवटच्या पानावरचे आकडे माझ्याच्याने खोडवले नाहीत. तू तिकडे लक्ष देऊ नकोस.

आता मुद्द्याचं. शुक्रवारी माझ्या हाताचं ऑपरेशन आहे. बोटं पूर्वीसारखी चालतील का, हे डॉक्टर नीट सांगत नाहीत, आणि मला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. मावशी माझ्या जागी बाहेरचं कुणीतरी शोधत होत्या. ते मला बघवेना, म्हणून तुला न विचारताच सांगून टाकलं, की तू येते आहेस. तुला रजा मिळेल की नाही, काही माहीत नाही. हवं तेवढं ओरड माझ्यावर, पण ये. हात बरा झाला तर माझी खुर्ची मी भांडून परत घेईन. नाही झाला, तर मला काही विचारू नकोस. तूच बसत जा.

तुझीच,
हट्टी आई