माशांचा नवा बंगला

४ मार्च, शनिवार
मोठी टाकी आली! सेकंडहँड, चार फुटी. पाच जणांनी उचलून हॉलमध्ये ठेवली. काचेवर क्षारांचा पांढरा थर, कोपऱ्यांत काचा जोडणारं सिलिकॉन काळं पडलेलं. किरकोळ. दोन दिवसांचं काम. मग आमच्या क्लाऊनफिशच्या जोडीला आणि जांभळ्या प्रवाळाला खरा समुद्र मिळेल. सध्या बिचारे छोट्या टाकीच्या खुराड्यात राहतात. जोडीतली मादी मोठी, नर छोटा, सतत तिच्या मागे मागे. बायको म्हणते, निसर्गाला बरोबर कळतं. दुर्लक्ष केलं.

५ मार्च, रविवार
छोटी टाकी साडूला देऊन टाकली. पाण्यासकट, दगडांसकट, पंप-हीटरसकट. नव्या बंगल्यात जुना पसारा नको. बायकोने विचारलं, तोवर मासे कुठे राहणार? म्हटलं, बाथरूममधला निळा टब आहे की! साडू म्हणाला, जरा घाई करताय. त्याने आयुष्यात गोल्डफिशसुद्धा पाळलेला नाही.

७ मार्च, मंगळवार
व्हिनेगरने काच घासली. हात सोलले. थराखाली आणखी एक थर निघाला. टबमुळे आम्ही दोघं अंघोळीला शेजारी जातो. शेजारीण म्हणाली, संकोच करू नका, फक्त टॉवेल आपापला आणा.

१० मार्च, शुक्रवार
जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडायचं असतं म्हणे. एक कोपरा खरवडला, बोट कापलं. मग डोकं चालवलं. जुन्यावरच नव्याचा जाड थर दिला. डबल मजबुती! बायकोने ट्यूबवरची सूचना मोठ्याने वाचून दाखवली: जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही. लिहायला काय जातं त्यांचं.

१३ मार्च, सोमवार, सकाळी
टाकी भरली. एक थेंब नाही. बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं.
दुपारी एक. कोपरा किंचित ओला. काचेला घाम येतो कधी कधी.
दुपारी दोन. घाम नव्हता.
संध्याकाळी. हॉलभर चादरी, टॉवेल आणि माझी ऑफिसची पँट पसरली आहे. सोफ्याचे पाय फुगलेत. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ येऊन गेले. बायको माझी पँट बादलीत पिळतेय, जरा जास्तच जोरात.

१५ मार्च, बुधवार
पुन्हा श्रीगणेशा. सगळं सिलिकॉन खरवडतोय. ऑफिसला पोट बिघडल्याचं कळवलं. टबातलं पाणी गढूळ झालंय. बदलायला हवं, पण समुद्री मीठ संपलंय आणि दुकानदार बाहेरगावी. जांभळा प्रवाळ पांढरा पडतोय. पांढराही शोभतो तसा.

१७ मार्च, शुक्रवार, सकाळी
शोभत नाही. मेला तो. करंगळीएवढा आणला होता, चार वर्षं वाढवला.
नर आडवा पडलाय. मादी त्याला तोंडाने ढुशा देतेय, तो हलत नाही. मी टबाशेजारी उकिडवा बसून त्याला सॉरी म्हटलं. मग रडूच फुटलं. बायकोने पाहिलं. बहिणीला फोन लावला. मला काही विचारलं नाही.
दुपारी. झाकणाच्या बादलीतून जोडी साडूकडे रवाना. टाकी बंद कशी करतात हे त्याला कळलंच नव्हतं, म्हणून पंप, हीटर सगळं चालूच होतं. मासे पाठवायची परवानगी मीच दिली, असं धरायला हरकत नाही.

२१ मार्च, मंगळवार
साडूचा फोन. नर पोहतोय, खातोय! जीव भांड्यात पडला. त्याला तापमान, क्षार, खाद्य यांवर सविस्तर मार्गदर्शन केलं. तो म्हणाला, आमची ही चिमूटभर टाकते, पुरतं त्यांना. काही लोकांना शिकायचंच नसतं.

२ एप्रिल, रविवार
आठवडाभर टाकी भरून ठेवली होती. पास! रिकामी बादली घेऊन ऐटीत साडूकडे गेलो. बायकोही आली. नराचा टबात फाटलेला पर अजून तसाच आहे. बायको म्हणाली, आता त्यांना पुन्हा बादलीत घालायचं नाही. साडू बिचारा जमिनीकडे बघत होता. मी काचेवर बोट टेकवलं. तेवढ्यात मेहुणीने खाद्याची डबी उघडली, तशी दोघं पलीकडे तिच्याकडे धावली.
बायकोचं बरोबर आहे. हे इथे लिहितो, तिला सांगणार नाही.
बादली तशीच परत आणली. टाकी आता एक थेंबही गळत नाही. काच काय चमकतेय! आत कोणी नाही. पाणी गार पडू नये म्हणून नवा हीटर चालू ठेवलाय.