रिकाम्या टाकीतली हाक

३ मार्च
नोकरी लागली! कारखान्याच्या प्रयोगशाळेत. राहणं ताईकडेच, दाजी इथेच फिटर आहेत. त्यांनी सगळ्यांशी ओळख करून दिली ती अशी, की हे आमचे मेहुणे, साध्या पाण्यालाही रसायन म्हणतात. सगळे खो खो हसले. मीसुद्धा. मागच्या आवारात एक दुमजली लोखंडी टाकी आहे. वर माणूस उतरेल एवढं झाकण. वर्षभर बंद.

५ मार्च
टाकी साफ करायची आहे. झाकण उघडून आत वाकलो, हाक मारली, घुमली. भिंती ओल्या, गंजाचे तांबडे पापुद्रे. गंजणं म्हणजे सावकाश जळणं. ज्योत दिसत नाही एवढंच, पण ऑक्सिजन दोन्हीकडे तोच खर्ची पडतो. दोरीला मेणबत्ती बांधून सोडली. माणूसभर खाली गेली आणि विझली. लोखंडानं आतला सगळा ऑक्सिजन खाल्लाय.

६ मार्च
मालकांना सांगितलं, पंख्यानं हवा भरल्याशिवाय कुणाला उतरवू नका. ते म्हणाले, रिकाम्या टाकीला काय घाबरता, वास येतो का कसला? अहो, वास येत नाही म्हणूनच माणूस फसतो! स्वतःच्या फुप्फुसात काय जातं ते ठाऊक नाही आणि दुसऱ्यांच्या श्वासावर हुकूम गाजवतात.
रखवालदारानं हळूच सांगितलं, गेल्या वर्षी एक रंगारी आत गेला. त्याच्या हाका ऐकून भाऊ उतरला. दोघेही मेलेलेच निघाले. म्हणजे यांना माहीत होतं! माहीत असून झाकण लावून गप्प बसले!

७ मार्च
झाकणाला कुलूप घातलं. मालकांनी तोडायला लावलं. दाजींनी ताईसमोर शब्द दिला, पंख्याशिवाय उतरणार नाही.

८ मार्च
दाजी आत आहेत. तळाशी, उताणे. रखवालदार म्हणतो, आतून माझ्या आवाजात हाक आली, मला वाचवायला उतरले. मी प्रयोगशाळेत होतो!
मालक म्हणतात, मी उतरायला सांगितलंच नव्हतं. मग कुलूप कुणी तोडलं, भुतानं?
अग्निशमनवाले हवेची नळकांडी घेऊन निघालेत. तोवर कुणालाही उतरू देणार नाही. मी झाकणापाशी बसलोय. लिहितोय, म्हणजे हात आतल्या शिडीकडे जाणार नाही.

हाक आली. दाजींचा आवाज. मेहुणे, खाली या.
बॅटरीच्या उजेडात ओठ दिसतात. हलत नाहीत.
हाक मारायला श्वास लागतो. आत श्वास नाही. मग कोण—

आता ताईला हाक मारतंय. तिच्या माहेरच्या नावानं. ती फाटकातून धावत— ऐकलं तिनं— टाकीच्या बाहेरच्या शिडीवर पाय—
ताई, ते दाजी नाहीत, ते