सोनगीरच्या बाईचा अर्ज

नाना, आज सकाळी शेजारची मुलगी नोकरीसाठी लिहिलेला इंग्रजी अर्ज दाखवायला घेऊन आली. तीन वर्षं दवाखान्यात काम केल्यावर डॉक्टरांनी शिफारसपत्र दिलं, असं तिला लिहायचं होतं. तिनं शब्द असे मांडले होते की तीन वर्षं राबले डॉक्टर आणि पत्र मिळालं हिला. मी तिला चूक सांगितली नाही. म्हटलं, जा, तुझी नोकरी ज्याला ठाऊक नाही अशा कुणाला तरी वाचून दाखव आणि त्याला काय कळलं ते विचार. ती गेली, आणि मला धुळ्याचा आपला ओटा आठवला. इतकी वर्षं जळगावच्या शाळेतल्या मुलींना हेच सांगत आले. हे कुठून शिकले ते सगळ्यांना सांगितलं, पण त्यातली एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची दोनेक वर्षं. मी एकोणीस वर्षांची, नवरा वारल्यामुळं सासरहून कायमची बापाच्या घरी, तुमच्याकडं परत आलेली. दिवसभर चुलीपुढं बसायचं आणि आल्यागेल्याची हळहळ ऐकायची. तुम्ही कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचे, आणि साहेबांकडं जाणारे इंग्रजी अर्ज तेवढे घरी ओट्यावर लिहायचे. मला लहानपणी तुम्हीच इंग्रजी शिकवलं होतं. एक दिवस माजघरात येऊन तुम्ही कागद पुढं धरला आणि म्हणालात, "वाच, आणि बाहेर येऊन त्या माणसाला त्याचीच हकिगत सांग. त्यानं मान डोलावली तर कागद खरा." मी विचारलं, "तुम्ही वाचलं तर नाही का चालणार?" त्यावर तुमचं उत्तर मला आजही शब्दाशब्दानं पाठ आहे. "मी त्याचं ऐकलंय ना. ऐकणाऱ्याला वाक्यातलं भोक दिसत नाही, तो ते आपल्याच डोक्यानं बुजवतो. साहेबानं काही ऐकलेलं नसतं."

म्हणून आपल्या घरी एक कडक नियम होता. अर्जदारानं माजघरात पाऊल टाकायचं नाही आणि मी ओट्यावरच्या बोलण्याला कान लावायचा नाही. पहिल्याच आठवड्यात साक्रीकडचा एक शेतकरी आला होता. मी कागद वाचला आणि बाहेर येऊन त्याच्या अहिराणीत सांगितलं, "तांबडं पागोटं बांधेल म्हैस तुम्हना वावरमा घुसनी." तो आधी माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "म्हैस कसाले पागोटं बांधी, माय? पागोटं तं गडीनी बांधेल व्हतं." तुम्ही हसून हसून टाक खाली ठेवलात. सासरहून आल्यावर त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर हसले. मग तुम्ही मला समजावलंत. आपल्या मराठी शब्दाच्या गळ्यात ला, ने, चा यांचं दावं असतं, तो कुठंही भटकला तरी ज्याचा त्याला सापडतो. इंग्रजी शब्दाला दावं नाही, तो ज्याच्या शेजारी उभा केला त्याचाच होतो. मला या गोष्टीचं भारीच नवल वाटलं. भाकऱ्या थापतानाही मी मनात शब्द इकडून तिकडं हलवून बघायची. आई म्हणायची, "हिचं ध्यान कुठं आहे? तवा जळतोय."

सोनगीरची ती बाई आली तेव्हा तुम्ही कचेरीत होता. उन्हातून आलेली, ओट्यावर बसून राहिली. आईला राहवलं नाही, तिनं तिला पाण्यासाठी मागच्या दारानं आत घेतलं. मी मेथी निवडत होते. तीही बसली आणि न सांगता निवडू लागली. तिचा नवरा मागच्या वर्षी गेला होता, हे तिच्या बोलण्यात आलंच. नियमाप्रमाणं मी उठून जायला हवं होतं. उठले तर नाहीच, उलट विचारलं, "काय व्हयनं, अक्का?" ती म्हणाली, "दीरनी मन्हा बैल लई लिधा." दिरानं नेले म्हटल्यावर मी विचारलं, "बैल कोठे व्हतात?" "मन्हाच आंगणमा, माय, खुटाले बांधेल. मी नदीवरथून उनू, तं तो बैल लई चालना. फौजदार काही लिखी ली ना." मी आणखी विचारत गेले. बैलांची नावं काय, रंग कसा, दिराशी भांडण कशावरून. नाना, माझं नाक सगळीकडं, हे तुम्ही म्हणायचाच.

संध्याकाळी तुम्ही अर्ज लिहिला आणि कागद आत पाठवला. मी वाचला. बाई नदीवरून येताना दिसते, अंगणात उभे असलेले बैल दिसतात, दावं धरलेला दीर दिसतो. सगळं लख्ख. बाहेर येऊन मी तिची हकिगत तिला सांगितली. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बठ्ठं बराबर शे." सगळं बरोबर म्हटल्यावर तुम्ही खूश झालात. इतक्या झटक्यात एकही कागद पास झाला नव्हता.

पण 'माझ्या अंगणात उभे' हे शब्द तुम्ही वाक्याच्या अगदी शेवटी टाकले होते. आपल्याकडं उभा, उभी, उभे असे तीन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीला तिन्हींसाठी एकच. साहेबानं वाचलं ते असं, की नदीवरून येऊन बाई स्वतः अंगणात उभी होती आणि तिथून तिनं बघितलं. दिरानं दोन साक्षीदार उभे केले. त्यांनी शपथेवर सांगितलं की त्या वेळी बाई अजून नदीच्या वाटेवर होती, अंगणात नव्हती. ते खरंच होतं. साहेबानं शेरा मारला, अर्जदार खोटं बोलते. बैल दिराकडंच राहिले. पेरणी तोंडावर आलेली, दुसरी जोडी मिळेना, शेवटी बाईनं आपलं वावर त्याच दिराला निम्म्या वाट्यानं करायला दिलं.

तुम्ही अर्जाची नक्कल माझ्यापुढं धरलीत. आवाज चढला नव्हता. "हे तुला खटकलं कसं नाही?" मी म्हटलं, "मला नीटच समजलं होतं." यात एक शब्द खोटा नव्हता, आणि खरं तर तेवढं एकच खोटं मी तुमच्याशी आयुष्यात बोलले. तुम्ही कागद पुन्हा एकदा वाचलात. मग म्हणालात, "तुझं इंग्रजी आता माझ्या कामाच्या पुढं गेलंय. वाकडं वाक्य तू वाचता वाचताच सरळ करतेस. तू मॅट्रिकला बैस." आई भांडी आपटत राहिली, भाऊबंद दारात येऊन बोलून गेले, पण तुम्ही कुणाचंच ऐकलं नाहीत. त्या एका वाक्यावर माझा सगळा जन्म उभा राहिला. शाळेतली नोकरी, जळगावची खोली, माझ्या हाताखालून गेलेल्या मुली.

तुम्ही त्या बाईला बोलावून घेतलंत आणि हात जोडलेत. दुसरा अर्ज लिहून दिलात, तोही तसाच परत आला. पण मला विचारायचंय ते त्या दिवसाचं. परीक्षेचा फॉर्म तुमच्या गुडघ्याशी पडलेला होता. बाई म्हणाली, "तुम्हना काय दोष, नाना. हाई पोरले तं मी बठ्ठं सांगेल व्हतं, मेथी निवडता निवडता. ती बी काय करी." मी दारात उभी होते. तुम्ही टाक दौतीत बुडवत होता. मान वर केली नाहीत. टाक मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ दौतीत राहिला, की मलाच तसं वाटलं? मग तुम्ही फॉर्म ओढून घेतलात आणि माझं नाव लिहायला लागलात.

नाना, तुम्ही ऐकलं होतं का? कान तर तुमचे तिखट होते. ऐकलं असेल, तर कशासाठी गप्प राहिलात? मला चुलीपुढून उठवायला तुम्हाला एखादं निमित्तच हवं होतं का? आणि ऐकलं नसेल, तर मरेपर्यंत तुम्ही स्वतःलाच दोष देत राहिलात, आणि मी तो देऊ दिला. पुढं तुम्ही अकरा वर्षं होता. सुट्टीला मी दरवेळी यायची, तुमच्या शेजारी ओट्यावर बसायची. विचारायला एक वाक्य पुरलं असतं.

पहिली काही वर्षं विचारलं नाही, कारण तुम्ही फॉर्म परत घ्याल, नोकरी सोडून ये म्हणाल, अशी भीती होती. नंतर ती भीती उरली नाही, तरीही विचारलं नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं असतं की नाही, कोण जाणे. त्या बाईचं वावर दिराच्या हाती गेलं ते मला कळत होतं, नाना. तेव्हाही कळत होतं. पण मला परीक्षेला बसायचं होतं.