बाहेरून घेतलेला शॉट

१२ डिसेंबर २०२४

आज एका बाईने मला माझ्याच स्टुडिओत गुडघ्यावर बसवलं!

साखरशेतकडच्या पाड्यावरची सोनी. सासूला, हौशीबाईला, घेऊन आली होती. कसल्याशा अर्जाला फोटो हवा होता. म्हातारी बुटक्या स्टुलावर, मी उभा. तीन फोटो काढले. तिन्हींत म्हातारी पोलिसांनी धरून आणल्यासारखी! मागून सोनी म्हणाली, "काका, तुमी खाली बसा ना. ती वर बघते, म्हून भ्यालेली दिसते."

बसलो. गुडघे कडकड वाजले. पण चौथा फोटो! काय चेहरा आला बाईचा!

हाय अँगलने माणूस दबतो. तीस वर्षं लग्नं शूट करतोय, मला हे पाठ आहे. तिला नुसतं दिसलं.

१६ डिसेंबर

सोनीला कामाला बोलावलं. मदतनीस प्रसाद ठाण्याला गेला, तेव्हापासून दुसरा कॅमेरा कपाटातच पडून आहे. ती म्हणाली, "मी लोकांच्या शेतात भात लावते, रस्त्याची खडी उचलते. हे मना जमंल?" म्हटलं, बघू.

घरी कुसुमावतीला सांगितलं. आमची ही म्हणते, "बघू काय? नीट शिकवा."

२ जानेवारी

लाँग, मिड, क्लोज, सगळं समजावलं. वहीत चौकटी काढून दाखवल्या. सोनीने ऐकून घेतलं, मग तिच्या भाषेत लावलं — "लांबून घेतला की कोनाच्या दारात आलो ते कळतं. मधून घेतला की तो काय करतो ते कळतं. आनी जवळून घेतला की त्याच्या पोटात काय हाय ते."

मला हे शिकायला चार वर्षं लागली होती!

११ जानेवारी

सोनीने पाड्यावर शूट करून आणलं. हौशीबाई सुपाने नाचणी पाखडतेय. कॅमेरा चक्क जमिनीवर ठेवलेला. खालून म्हातारी, वर नुसतं आभाळ, मधे उडणारा भुसा. लो अँगल मी आजवर दोघांनाच लावला — पुढाऱ्यांना आणि घोड्यावरच्या नवरदेवांना. हिने सासूला लावला!

पाचदा पाहिलं. तिला म्हटलं, "बरं आहे." एवढंच का म्हटलं कोण जाणे.

१६ फेब्रुवारी

समृद्धीचं लग्न. बाजारातल्या कापडवाल्यांची थोरली. जुनं गिऱ्हाईक.

सकाळी घरात देवक बसवत होते. एक कॅमेरा माझ्याकडे, दुसरा सोनीकडे. नवरीची मावशी माझ्या कानाशी आली — पण आवाज कानापुरता नव्हता. "ही पाड्यावरची ना? देवापाशी नको. तुम्ही एकटेच घ्या."

सोनीने ऐकलं. माझ्याकडे पाहिलं.

मी काय केलं? लाइटचा स्टँड सरळ करत बसलो. वाकडा नव्हता. मग म्हटलं, "सोनी, तू बाहेरचे शॉट घे."

"बरं काका," म्हणाली आणि गेली.

१८ फेब्रुवारी

एडिटिंगला बसलो. सोनीच्या कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड लावलं.

मागचं अंगण. पत्र्याच्या शेडखाली समृद्धीची स्कूटी. तिचे वडील एकटे, नव्या कोऱ्या सदऱ्यात, फडक्याने स्कूटी पुसतायत. सीट पुसली, हँडल पुसलं. आरसा जरा आतल्या बाजूला वळवला, मुलीच्या उंचीला लागतो तसा. मग नुसते उभे राहिले. पाठमोरे. आतून सनई.

एकच लाँग शॉट. दोन मिनिटं. कॅमेरा हललेला नाही.

सोनीला विचारलं, "जवळ का नाही गेलीस? चेहरा मिळाला असता."

"जवळ गेले असते तर त्यांनी डोळे पुसून टाकले असते."

माझ्याकडे आतले दोन तासांचे शॉट आहेत. त्यात असा एकही नाही.

२ मार्च

कापडवाल्यांकडे फिल्म दाखवली. सोनी आज पाड्यावर होती. स्कूटीचा शॉट आला. समृद्धीच्या आईने तोंडाला पदर लावला. मावशीसुद्धा रडली! वडील म्हणाले, "हे कधी काढलंत? मला कळलंच नाही. कोणी काढलं?"

"मीच," म्हणालो.

तोंडातून गेलं.

३ मार्च

कुसुमावतीला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली. "त्या दिवशी गप्प बसलात ते एक. आणि काल वर हे?" आणि भाकरी जोरात थापायला लागली.

४ मार्च

सोनीला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल, काम सोडेल. ती बॅटऱ्या चार्जिंगला लावत होती. तिने एवढंच विचारलं —

"पन त्यांना आवडला ना काका?"

बाहेर जाऊन उभा राहिलो. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

५ मार्च

कापडवाल्यांच्या दुकानात गेलो. तीन गिऱ्हाइकं होती, तरी थांबलो नाही. म्हटलं, "शेठ, तो स्कूटीचा शॉट माझा नाही. सोनीचा आहे. तुमच्याकडे जिला आत येऊ दिलं नाही, तिचा. आणि मी तिथे तोंड उघडलं नाही. फिल्म दाखवताना उघडलं ते खोटं बोलायला."

गिऱ्हाइकं बघत राहिली. शेठ कापड मोजत होते. मोजून झालं, फाडलं, घडी घातली. वर न बघता म्हणाले, "बरं."

बस! बाजारभर होणार हे. मे महिन्याच्या ऑर्डरी जातील बहुतेक. जाऊ देत.

फिल्मच्या सुरुवातीला नावं घातली. छायाचित्रण — सोनी, चंद्रकांत. तिचं वर, माझं खाली. कागदावर लिहून तिला वाचायला दिलं. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "माझं नाव असं मोठं पयल्यांदा बघते."

१४ मार्च

दुकानाकडून काहीच नाही. शेठ वाटेत भेटले, मान हलवून गेले.

२१ मार्च

सकाळी शेठांचा फोन. धाकटीचं लग्न ठरलं, अकरा मेला.

म्हणाले, "सोनीबाईंचा नंबर द्या. देवकापासून सगळं त्याच काढतील, घरात तसं सांगितलंय. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

दिला.