ताईची अकराची वेळ

दि. ३ मार्च

चि. शेंडेफळास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. फोनवर आपण दोघी हवापाण्याच्या पुढे जात नाही आणि मला पुढचं बोलायचं आहे, म्हणून लिहायला बसले.

बातमी अशी, की गोदीच्या वजनकाट्यावर बावीस वर्षं ट्रक तोलून झाल्यावर तुझी ताई आता क्रेन चालवणार आहे. जहाजातून माल उतरवणारी, पंचेचाळीस मीटर उंचीची. लेखी परीक्षा झाली. नकली केबिनमध्ये बसवून घेतात तीही झाली. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण नापास झाले असते तर तू वर्षभर माझी टर उडवली असतीस. तुझ्या भावोजींनासुद्धा कळलं ते मी जेवताना मिठाची बरणी दोन बोटांनी उचलून आवाज न करता त्यांच्या ताटाशी ठेवत होते म्हणून.

आता अडचण. येत्या २४ तारखेला खऱ्या क्रेनवरची परीक्षा आहे. सुरक्षा अधिकाऱ्यांनी हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवून मला वाकायला सांगितलं आणि ते थेट त्यांच्या बुटावर पडलं. हेल्मेटला मागे एक चकती असते, ती फिरवली की आतला पट्टा मानेच्या वर घट्ट बसतो. नेमका तिथेच माझा अंबाडा. तो वर बांधला तर हेल्मेट टोपलीसारखं तरंगतं. वेणी सोडलेली यंत्राजवळ चालत नाही आणि कॉलरमध्ये कोंबली तर मान वळत नाही. माणूस वाईट नाही, पण त्यांना स्वतःला टक्कल असल्यामुळे माझं दुःख नीटसं कळत नसावं. त्यांनी स्वच्छ सांगितलं, की २४ला हेल्मेट बसलं नाही तर शिडीला हात लावू देणार नाहीत आणि जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे. मला सेहेचाळीस पूर्ण आहेत, सत्तेचाळीसनंतर अर्जच घेत नाहीत.

तेव्हा केस कापायचे. चाळिशी उलटलेल्या, दाट केसांच्या बाईला काय शोभतं हे तू तुझ्या पार्लरमध्ये रोज पाहतेस. एका कागदावर लिहून पाठव, इथल्या पार्लरमधल्या मुलीला दाखवीन. तू यायची तसदी घेऊ नकोस. जुनं मनात धरून म्हणते असं नाही, पण ते ओळखपत्र अजून माझ्या गळ्यात असतं, एवढंच.

कळावे. लोभ आहे तेवढा राहिला तरी पुरे, वाढवलास तर ठेवायला जागा आहे.

तुझी,
ताई


दि. ८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यात कंगवा तसाच सोडून मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. समोर एक उंच इमारत बांधतायत, तिच्यावर क्रेन आहे. रोज असते. आज पहिल्यांदा मान मागे टाकून पाहिली. वरच्या केबिनमधलं माणूस दिसतसुद्धा नाही. तिथे माझी ताई बसणार, जी माळ्यावरचा डबा काढताना मला दोन्ही हातांनी स्टूल धरायला लावायची. आत आले तर गिऱ्हाइकाने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, माझी बहीण आकाशात जातेय. त्या बाई घाबरल्या. मग नीट सांगावं लागलं.

ओळखपत्राचं तू काढलंसच, तर बोलून टाकते. मी एकोणीस वर्षांची होते, शिकत होते, आणि तू माझ्यासमोर खुर्चीत बसलेलं पहिलं माणूस होतीस. दुसऱ्या दिवशी वजनकाट्याच्या नोकरीसाठी तुझा फोटो काढायचा होता. मी केस धुतले आणि ओल्या केसांवर खांद्याचं माप घेऊन कापले. दाट केस ओले असताना लांब लोंबतात आणि वाळले की वर चढतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझे चढत चढत कानापर्यंत गेले आणि दोन्ही बाजूंना छत्रीसारखे उघडले. तू रागावली नाहीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं. नुसती उठलीस, फोटो काढून आलीस, आणि त्या दिवसापासून माझा हात केसांना लागू दिला नाहीस.

तेव्हापासून मी एकही डोकं ओलं कापलेलं नाही. आता माझी पद्धत सांगते. पहिल्या भेटीत मी कात्री उचलतच नाही. बाईला आरशापासून दाराकडे चालायला लावते, हसवते, केस तळहातावर घेऊन जोखते. मग कोरडे कापते, बटेमागून बट. पंचेचाळिशीतल्या एक दातांच्या डॉक्टर आल्या होत्या, तीस वर्षं केस करकचून बांधलेले. मोकळे सोडले तेव्हा शेजारच्या खुर्चीतली बाई मासिक खाली ठेवून बघत राहिली. दाट केस म्हणजे काय चीज असते ताई, ज्यांच्याकडे असतात त्यांनाच त्याची सगळ्यात कमी कल्पना. त्यांना तो फक्त उकाडा वाटतो.

तिथल्या पार्लरमधल्या मुलीसाठी लिहिते. एका रेषेत सरळ कापू नये, खाली पसरून डोकं त्रिकोणी दिसतं. जबड्याच्या रुंद भागाशी केस संपवू नयेत, चेहरा तिथेच अडतो. दातेरी कात्रीने वरून पातळ करू नये, महिन्याने तिथे झुडपं उभी राहतात. जड भाग आतून काढावा, वरचा थर लांब ठेवून त्यावर पांघरावा. एरवी मी तुला खांद्याच्या खाली चार बोटं, लांब थरांत सांगितले असते, नाहीतर मानेशी आखूड आणि पुढे गळ्यापर्यंत उतरता बॉब. हेल्मेटसाठी मात्र मान पूर्ण मोकळी हवी, माथ्यावर पाच बोटं, कानाशी निमुळते, आणि कपाळावरून एका बाजूला जाणारी एक मोठी बट. ती बट कापू देऊ नकोस. हेल्मेट काढल्यावर बाई बाईसारखी दिसायला हवी.

आणि एक. दुकान उघडलं त्या दिवशी भेटीच्या वेळा लिहायच्या वहीत पहिल्या पानावर पहिली ओळ मी लिहिली होती: ताई, अकरा वाजता. तू आली नाहीस, पाय मुरगळला असं कळवलंस. ती वही मी टाकलेली नाही. ओळीवर काटही मारलेली नाही. हे टोमणा म्हणून नाही, वही डोळ्यांसमोर आहे म्हणून लिहिलं.

भावोजींना नमस्कार. मिठाची बरणी फुटली तर कळव, नवी पाठवते. बाकी लोभ मागायची मला हिंमत नाही, असेल तेवढा चालू ठेव.

तुझी,
शेंडेफळ


दि. १३ मार्च

चि. शेंडेफळास अनेक आशीर्वाद.

तुझा कागद घेऊन काल इथल्या पार्लरमध्ये गेले. मुलगी गोड होती. कागद तिने वाचला, मान डोलावली, माझे अठरा आकडे काढून वाटीत टाकले, केस सोडले आणि आधी घाबरून मैत्रिणीला हाक मारली. दोघींनी मिळून माझ्याकडे असं पाहिलं जसं मी वजनकाट्यावर चोवीस चाकांच्या ट्रककडे पाहते. इथवर ठीक होतं. मग तिने पाण्याची बाटली उचलली आणि भस्सकन डोक्यावर फवारा मारला.

मी उठले. गळ्यात त्यांचा टॉवेल, डोक्यावरून पाणी गळतंय, अशी चौकापर्यंत चालत आले. तिथे लक्षात आलं की आकडे आत राहिले. परत जायची लाज वाटली. घरी आले तर तुझ्या भावोजींनी विचारलं की पाऊस कुठे लागला. टॉवेल धुऊन ठेवला आहे, त्यांच्या हाती परत पाठवीन.

आता खरं ते लिहिते. तू दुकान उघडलंस त्या दिवशी माझा पाय मुरगळला असं तू समजलीस, तो मुरगळला नव्हता. मी बसस्टॉपपर्यंत आले होते, चांगली साडी नेसून. दोन बस जाऊ दिल्या आणि घरी परतले. राग कधीच गेला होता. ओळखपत्रावरचा तो फोटो पाहून गेटवरचे रोज हसतात, बावीस वर्षांत त्याची मलाच सवय झाली. राहिली ती भीती. पंचेचाळीस मीटर उंचीची मला वाटत नाही, कात्रीच्या आवाजाची वाटते. हसू नकोस.

पण वरची ती काचेची केबिन मला हवी आहे. इतकं काही मी आजवर मागितलेलं नाही. अकरा दिवस उरलेत. तू ये. कोरडे काप.

वाट पाहते आहे, बाकीचं भेटीत.

तुझी,
ताई


दि. २० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. परवा तुझ्या स्वयंपाकघरात अडीच तासांत मी चार वाक्यंसुद्धा बोलले नाही, त्याला कारण तोंडात क्लिपा होत्या. पण क्लिपा काढल्यावरही बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

चाळीसेक वेळा तरी असे केस माझ्या हाताखालून गेले असतील. तरी तुझा अंबाडा सुटला तेव्हा माझी बोटं थांबली. खुर्चीच्या पाठीवरून खाली, फरशीला टेकायला वीतभर कमी. मी एक बट उचलली आणि खाली पाहिलं तर आतला सगळा थर पांढरा. वर काळं, आत पांढरंशुभ्र, कानामागून मानेपर्यंत, आणि कुणाला पत्ता नाही. तुलाही नसावा, कारण तू एवढंच विचारलंस की काय ग, उवा आहेत का. मी नाही म्हटलं. ताई, मला तेव्हा रडू आलं, आणि वाईट वाटून आलं नाही. जन्मभर पाहिलेल्या माणसाच्या अंगावर एवढं मोठं काही माझ्या नकळत वाढत होतं, ते पाहून आलं. मी कात्री ओट्यावर ठेवून नळावर हात धुतले ते त्यासाठी. तू म्हणालीस, आधीच धुतले होतेस ना.

तेव्हाच ठरवलं, की हे लपवायचं नाही. कानामागचं पांढरं मोकळं सोडलं, आणि कपाळावरची बट अशी घेतली की तिच्या खालून एक पांढरी रेघ डोळ्याच्या कोपऱ्याशी उतरेल. तुझ्या डोक्याचा आकार किती सुरेख आहे हे मला माहीतच नव्हतं. मान लांब आहे तुझी. मी एक्केचाळीस वर्षं तुझी बहीण आहे आणि तुझी मान परवा पाहिली.

पहिली कात्री लागली तेव्हा तू खुर्चीचा हात घट्ट धरलास, मला दिसलं. दहाव्या बटेला सोडलास, तेही दिसलं. मग उठलीस, आरशाकडे गेलीच नाहीस, सरळ जमिनीवरचे केस गोळा करून काट्यावर ठेवलेस आणि भावोजींना ओरडून सांगितलंस, तीनशे वीस ग्रॅम. तोलल्याशिवाय तू काही गेटबाहेर जाऊ देणार नाहीस. आरसा तू नंतर पाहिलास, दार लावून, आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. भावोजी आणि मी ओट्याशी उभे राहून एकमेकांकडे बघत होतो. पुन्हा छत्री झाली असं वाटून मी क्लिपा एकेक करून पुन्हा मोजत होते. तू बाहेर आलीस, चहा टाकलास आणि म्हणालीस की साखर संपत आलीय. त्यावरून मला काहीच कळलेलं नाही. कसं वाटलं ते एकदा लिही.

२४ला माझं कात्रीवर लक्ष राहणार नाही, म्हणून दुकान बंद ठेवणार आहे. गिऱ्हाइकांना सांगून झालंय, कोण कुठे जातंय ते.

लोभ होता हे कळलं, आता तो जाऊ देणार नाही.

तुझी,
शेंडेफळ


दि. २५ मार्च

चि. शेंडेफळास अनेक, अनेक आशीर्वाद.

हेल्मेट बसलं. अधिकाऱ्यांनी चकती फिरवली, मला वाकवलं, हलवलं, शेवटी दोन्ही हातांनी धरून ओढलं. डोक्यासकट मी पुढे गेले, हेल्मेट जागचं हललं नाही. त्यांनी वहीत खूण केली आणि शिडीकडे बोट दाखवलं.

वर काय आहे ते सांगायला मला शब्द नाहीत, तरी प्रयत्न करते. काचेची खोली, पायाखालीसुद्धा काच. तिच्यातून जहाज, जहाजात माणसं, माणसांची पिवळी डोकी. आवाज वर येतच नाही. नांगर टाकलेली सगळी जहाजं एकाच दिशेला तोंड करून उभी होती, हे खालून बावीस वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं. अठरा टनांची पेटी मला उचलून ट्रकवर ठेवायची होती. तसल्याच ट्रकवर, जसे मी आजवर खालून तोलत आले. दांड्यावर हात ठेवला. मग तुझी आठवण झाली. तू एक बट उचलायचीस, थांबायचीस, तिचं वजन हाताला कळू द्यायचीस, आणि मगच पुढे. तसंच केलं. उचलली, थांबले, कळू दिलं, ठेवली. ट्रकवाल्याने काचेतून डोकं बाहेर काढून वर पाहिलं, कारण पेटी टेकल्याचं त्याला समजलंच नव्हतं. पास झाले.

मग वरच, परवानगी विचारून, क्षणभर हेल्मेट काढलं. खिडकी उघडी होती. मानेला वारा लागला. एवढंच, पण मी तशीच बसून राहिले.

कसं वाटलं ते विचारलंस. दार लावून मी आरशासमोर उभी होते ती रडत नव्हते. समोरची बाई कोण आहे ते पाहत होते. पांढरी रेघ, लांब मान, चांगली दिसणारी बाई. तिला कुठेतरी भेटले असते तर विचारलं असतं, की कोणी कापले हो. बाहेर येऊन तुला ते सांगता आलं नाही, म्हणून साखरेचं बोलले. साखर भरपूर आहे.

आज नव्या ओळखपत्रासाठी फोटो काढला. जुनं परत द्यावं लागतं, पण मी मागून ठेवून घेतलं आहे, ते तुझ्यासाठी. सोबत पाठवते. दुकानात लाव, शिकायला येणाऱ्या मुलींना दाखव, आणि सांग की ओल्या केसांचं माप घेऊ नये.

तू म्हणाली होतीस की असा काप सहा आठवड्यांत वाढतो. मी आठवडे मोजले, रजा टाकली, बसचं तिकीट काढलं. या खेपेला पहिल्याच बसमध्ये बसेन. पहिल्या पानावरची ती ओळ तशीच आहे ना? काही खोडू नकोस. अकराच ठेव, तारीख तेवढी घाल.

तुझी,
ताई