शेफालीचे अब्बा

ओल्डहॅम, ९ फेब्रुवारी

प्रिय हुस्ना,
सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद वि. वि.

इंग्रजीच्या परीक्षेत मी नापास झाले. आपल्या पसंतीच्या विषयावर बोलायचं होतं. वर्गातल्या बायकांनी स्वयंपाक, शिवण असलं काही घेतलं. मी शेफालीच्या अब्बांवर बोलायचं ठरवलं. जन्मात दुसरं काय इतकं जवळून पाहिलं? बरी बोलत होते. मग परीक्षक बाईंनी प्रेमानंच त्यांचं नाव विचारलं आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. शेफालीचे अब्बा, एवढंच म्हटलं. प्रश्न कळला नाही असं वाटून त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. पुढचं सगळं इंग्रजी पळून गेलं. शेफाली चिडली, की अर्जावर लिहितेस तेव्हा चालतं का!

या परीक्षेशिवाय इथला पासपोर्ट नाही, आणि त्याच्याशिवाय तिकडे आपल्या गावी दोन वर्षांहून जास्त राहिले तर इथलं दार बंद. इथे लेक आहे, त्यांची कबर आहे. परत जायला म्हणून येऊ नकोस, असं अम्मानं मागेच बजावलंय. तिला सांग, येईन ती राहायलाच.

तुझी आठवण काढणारी,
रोशनारा आपा


बियानीबाजार, १ मार्च

ती. आपास,
हुस्नाचा सलाम वि. वि.

तुझी फजिती वाचून हसले, मग हसू आवरलं. अम्मा म्हणाली, माझ्या लेकीला शोभलं ते. तिला आता पाणीसुद्धा चमच्यानं द्यावं लागतं. रोज विचारते, आली का. पुढच्या वेळी मासळीवर बोल गं बाई! नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं म्हणून गप्प बसलीस ना? आता काय घटायचं राहिलंय? रागावू नकोस. अम्माला एकटीनं उचलून माझी कंबर गेली आहे.

वाट पाहणारी,
हुस्ना


ओल्डहॅम, २० एप्रिल

प्रिय हुस्ना,
सलाम वि. वि.

अम्मा गेल्याचा तुझा फोन आला, तेव्हा मी परीक्षा देऊन नुकतीच घरात शिरले होते. तुला सांगायचं राहूनच गेलं. मासळी पाठ होती, पण विषय तोच ठेवला. बाईंनी नाव विचारलं. मी म्हणाले, मुहिबुर. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. इतक्या वर्षांनी घेतलं, ते ऐकायला एक परकी बाई.

पास झाले. पासपोर्ट येईल. राहायला कुणाकडे येऊ, तेवढं कळव.

होती तेवढी माया राहू दे.

रोशनारा