पाणी उलटायच्या आधी

तळ्याच्या तोंडाची तरंगती वस्ती
आठवा महिना, पौर्णिमा होऊन चार दिवस

थुआन,

तुम्ही सगळे बरे असाल. डोक्यावर पंखा आहे, दारात नळ आहे, बरे नसायला काय झालं. आम्हीही बरे आहोत असं समज आणि पुढे वाच.

तुझ्या बायकोचा निरोप मिळाला. फोन बिन्हच्या कानाला होता, तरी मला चुलीपाशी ऐकू आला, एवढा तिचा आवाज. पलंग आणू नका. कुत्रा आणू नका. आंबवलेल्या माशांचे रांजण तर बिलकूल आणू नका, कालव्यावरच्या लोकांना वास सहन होत नाही. का रे, न्युंग काय कमळाच्या देठांवर वाढली? तुझ्या लग्नात तिच्या माहेरी जेवले तेव्हा पहिला घास त्याच रांजणातला होता. नवरा माझा असा की नुसता हो हो म्हणत राहिला. फोन ठेवून मला म्हणतो, बोलण्यासारखं तिने ठेवलंच नाही. म्हणून मी लिहिते आहे. फोनवर तू ओरडशील, मी ओरडेन, आणि पैसे संपतील.

आणखी तिने विचारलंय की सामान किती, माणसं किती, खर्च किती, सगळं आधी कळवा. तिचा आवाज का चढतो ते मला कळतं. आमच्याकडे ना इथला कागद ना तिथला. सीमेवरचा माणूस पहिलं विचारणार, कोणाकडे चाललात. तुझं नाव आणि तुझा पत्ता नसेल तर आम्ही होडीतून पायही खाली ठेवू शकत नाही. ते तिला माहीत आहे. मलाही आहे. तरी रांजण येणार. विकले तर कोणी निम्म्यानेही घेत नाही, आणि पोहोचल्यावर पहिले दोन महिने आम्ही खायचं काय ते तिला विचार.

मी दुसरीपर्यंत शिकले, तीही पुरी नाही. पण संसार उचलून न्यायचा हिशेब मला येतो. तर घे.

घर येणार नाही. तरंगतं घर ओढत सीमेपलीकडे नेऊ देत नाहीत. खालचे बांबू कुजलेतच, ते इथेच सोडायचे. छपराचे पत्रे आणि चार चांगले खांब सोडवून घ्यायचे, म्हणजे तुझ्या घरामागे आडोसा होईल. जनरेटर विकला. शिवणाचं मशीन येणार, ते मी विकणार नाही, विचारू नकोस. घराखालच्या जाळीतले मासे अजून लहान आहेत, आणखी थोडे दिवस ठेवले असते तर दुप्पट वजन भरलं असतं. पण सगळी वस्ती एकदमच विकायला निघाली आहे. व्यापारी काट्यावर अंगठा ठेवून वजन करतो आणि आमच्या डोळ्यात बघून हसतो. घेतोय हेच उपकार, असं त्याचं म्हणणं.

वस्तीचा प्रमुख स्वतः आला होता. होडीतून उतरलाही नाही. म्हणाला, दहाव्या महिन्यातला जलोत्सव झाला की या पाण्यावर एकही घर दिसता कामा नये, वरून हुकूम आहे. जायचं कुठे म्हटलं, तर टेकडीमागे जागा आहे म्हणे. मी जाऊन बघून आले. तिथे झाड नाही, धंदा नाही, प्यायचं पाणी टँकरवाल्याकडून विकत घ्यायचं. आयुष्यभर पाण्यावर राहिलेल्या माणसांनी पाणी विकत घ्यायचं. बिन्ह म्हणाला, त्यापेक्षा थुआनकडे जाऊ, तिथे निदान शिव्या तरी आपल्या भाषेत मिळतील.

आता होडी. सारून म्हणून एक जण आहे, इथला खमेर आहे, आपल्यातला नाही, पण माणूस बरा. त्याच्या मोठ्या होडीत तीन घरांचं सामान मावतं. तू कालव्यावर राहून विसरला असशील म्हणून सांगते. आत्ता पाणी नदीतून वर तळ्याकडे चढतंय. आत्ता निघालो तर सगळा रस्ता पाण्याच्या विरुद्ध, डिझेल दुप्पट. मी घासाघीस केली तर म्हणाला, "ताई, डिझेल माझ्या बापाचं नाही आणि नदी तुमच्या बापाची नाही." पाणी उलटलं, खाली वाहायला लागलं, की तो निम्म्यात न्यायला तयार आहे. म्हणजे बारा लाख रिएल, तीन घरांत वाटून. वर चौक्यांवरचं चहापाणी वेगळं. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी निघायचं. एवढे पैसे आहेत माझ्याकडे. तुझ्याकडे एक दोंग मागत नाही, हे न्युंगला मोठ्याने वाचून दाखव.

माणसं दोन. बिन्ह आणि क्विन्ह.

बिन्हची पाठ गेल्या वर्षापासून धरते, पण बसून जाळी विणायला त्याच्यासारखा कोणी नाही. तुझ्या मालकाच्या माशांच्या तळ्यावर त्याला लाव. माझी क्विन्ह आता सोळाची पोर आहे. मासे सोलायच्या कारखान्यात घेतात म्हणे त्या वयाच्या मुलींना. ती हाताला जलद आहे आणि तोंडाला माझ्यावर गेली आहे, न्युंगशी तिचं एकदा भांडण होणारच, तेव्हा मध्ये पडू नकोस.

पुन्हा वाचलंस ना? दोनच लिहिलंय. तू म्हणशील, आई का मोजली नाहीस.

आई गेली, थुआन.

तिसऱ्या महिन्यात गेली. ऐन उन्हाळा, तळं पार तळाला गेलेलं. पोट धरून पडली होती, काही खाल्लं की ओकायची. मी म्हटलं शहरातल्या दवाखान्यात नेऊ, ती म्हणाली पाणी येऊ दे मग जाऊ. शेवटी तिचं न ऐकता होडीत घातली. पण काठाकडे जायच्या ओढ्यात पाणीच नव्हतं. होडी चिखलात रुतली. बिन्ह आणि मी खाली उतरून कंबरभर चिखलातून ढकलत होतो आणि ती आत पडल्या पडल्या मला सांगत होती, डावीकडून घे, डावीकडे खोल आहे. मग बोलायची थांबली. मला वाटलं झोप लागली. आम्ही ढकलतच राहिलो. काठाला लागल्यावर बघितलं.

तुझं नाव तिने शेवटी घेतलं का असं विचारशील. घेतलं नाही. खोटं कशाला सांगू. तिचं लक्ष होडीत होतं.

टेकडीवर पुरायला जागा दिली नाही. आधीच भरलंय म्हणाले, आणि बाहेरच्यांना आता बंदच. मग बुडत्या रानाच्या कडेला एक उंचवटा आहे, तिथे आपल्या लोकांच्या आणखी काही कबरी आहेत, तिथे नेलं. जमीन तेव्हा अशी भेगाळलेली की कुदळ उडत होती. पाणी येणार हे माहीत होतं. येतं तसं जातं, सगळ्यांच्याच माणसांवरून जातं. म्हणून मी आपण करतो तेच केलं. डोक्याकडे खुंट ठोकला, त्याला लांब नायलॉनची दोरी, दोरीला तेलाचा पांढरा डबा. पाणी कितीही चढू दे, डबा वर राहील, आई कुठे आहे ते दिसेल. सगळ्या आयुष्यात जाळी अशीच तर राखली. दुसरं काही सुचलंच नाही मला.

सातव्या महिन्यात बेकायदा जाळी काढायला सरकारी माणसं आली. दोन इंजिनाच्या होड्या. दिसेल तो डबा कापत सुटली. मी लांबून बघितलं आणि वल्हं मारत सुटले. त्यातला एक पोरसवदा, हातात कोयता, त्याला म्हटलं, "खाली जाळं नाही. माझी आई आहे."

तो हसला. म्हणाला, "मावशी, आज सगळ्यांची आईच आहे खाली." आणि कापला.

त्याचंही काय चुकलं. त्या दिवशी प्रत्येक जण काही ना काही सांगत होता. एकीने तर नवरा बुडालाय म्हणून सांगितलं होतं आणि नवरा मागे होडीत बसलेला. माझं कोण ऐकणार.

आता तिथे दोन पुरुष पाणी आहे. झाडांचे शेंडे तेवढे वर आहेत, आणि सगळे शेंडे सारखे. बिन्हने पाठीचं न बघता बुड्या मारल्या, हाताला चिखल आणि मुळं लागली. जागा कळायची तर पाणी ओसरल्यावरच. म्हणजे पुढच्या वर्षाच्या तोंडावर. आणि हुकूम उत्सवापर्यंतचा, आणि सारून दुसऱ्या दिवशी निघतो. मी सगळ्या बाजूंनी जुळवून बघितलं, थुआन. एक तर सगळे मिळून निघायचं आणि तिला खुणेशिवाय पाण्याखाली सोडायचं, नाही तर कोणी तरी मागे राहायचं.

मी मागे राहते. लहान होडी मी विकणार नाही. रानाच्या आत शिरलं की बाहेरून दिसत नाही. बाकीचे मासे पकडणारे असतात, त्यांच्यात मिसळून राहीन. तांदूळ, मीठ, रॉकेल बाजूला काढलंय. एक कुदळ आणि झाकणाचा नवा मातीचा घडा घेतलाय. हाडं अजून मोकळी झालेली नसणार, वर्षही झालं नसेल, म्हणून जाळावी लागेल. विहारातल्या म्हाताऱ्या भिक्खूंना विचारलं, ते म्हणाले लाकूड आण, जागा आम्ही देतो, कागद विचारत नाही. मग घडा घेऊन मी खाली येईन. कशी येईन ते माझं मी बघेन.

बिन्ह माझ्याशी बोलत नाही. मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसं सोडून चाललीस, एवढं म्हणाला आणि पत्रे सोडवायला छपरावर चढला. तिथेच बसून राहिला, एकही पत्रा काढला नाही. क्विन्हला मी सांगितलंय की मागच्या होडीने येते आहे. तिला खरं कळलं तर ती निघणार नाही, तेव्हा तूही तिला सांगू नकोस.

आता तुला आधी का कळवलं नाही ते. पहिलं म्हणजे तू आला असतास. आला असतास की नाही कोण जाणे, नऊ वर्षांत आला नाहीस. पण आला असतास तर कागदाशिवाय अडकला असतास. मग पाचव्या महिन्यात हुकमाची कुजबुज सुरू झाली, आणि तेव्हाच न्युंगने फोनवर सांगितलं की आईसाठी आतली खोली रिकामी केली, तू स्वतः हिरवा रंग दिलास, पंखा लावलास, संडास जवळ पडावा म्हणून भिंतीला दार पाडलंस. खोली आईसाठी आहे आणि आईमुळे आम्ही, हे मला कळत होतं. आई नाही म्हटलं तर दार बंद होईल अशी भीती होती. होती म्हणजे आहे. पण खरं सांगू, नुसती भीती नव्हती. तू भिंत फोडून दार पाडलंस हे ऐकल्यावर माझ्या तोंडून ते निघेचना. तूच सांग, कसं सांगायचं असतं.

तिची सुतकाची पांढरी पट्टी मी डोक्याला बांधली. मुलाच्या जागी पुढे मीच चालले, लोक बघत होते, बघू देत. तुझ्या नावाची पट्टी घडी करून तिच्या उदबत्तीच्या वाडग्याशेजारी ठेवली होती. ती या पत्रासोबत सुकटवाल्या काकूच्या हाती देतेय. बांधायची की नाही ते तुझं तू ठरव.

मला दोन गोष्टींचं उत्तर हवंय. एक, आई येत नाहीये हे कळल्यावरही तू बिन्हला आणि क्विन्हला त्या खोलीत घेशील का, आणि तुझ्या वॉर्डात जाऊन त्यांची नावं तुझ्या पत्त्यावर लावशील का. खोली नको तर मागचा आडोसा दे, पत्रे आणतायत. पण पत्ता दे. दोन, तू मुलगा आहेस. तीन वर्षांचं सुतक फिटायच्या आत कबर उघडायची आणि तिला जाळायचं, हे मुलाच्या होकाराशिवाय करायचं नसतं. भिक्खूही तेच विचारणार. तू नाही म्हणालास तरी मी करणारच आहे, पण तू हो म्हणालेलं मला हवंय.

सुकटवाली काकू नवव्या महिन्याच्या पौर्णिमेला तुझ्या धक्क्यावरून परत निघते. त्याच्या आत तिच्या हाती उत्तर दे. पौर्णिमेनंतर सारूनला आगाऊ पैसे द्यावे लागतात, नाही दिले तर तो आमची जागा दुसऱ्याला देईल, आणि मग माझी माणसं टँकरचं पाणी प्यायला टेकडीमागे जातील. न्युंगला विचारून सांगतो, बघू, जमलं तर, असलं काही लिहू नकोस. हो किंवा नाही. पौर्णिमेच्या आत.

आईची लेक, आणि तू येईपर्यंत तिचा मुलगाही,
लुआ